इंग्रजी वाक्प्रचारांतील सूक्ष्म अर्थभेद
(प्राथमिक शिक्षकांपुढील व्याख्यान)



एखाद्या गावच्या मुख्याध्यापकाने शाळेच्या आवारभिंतीसंबंधी सरपंचांची भेट घेतली, बोलणे सलोख्याने झाले, आणि त्याचा अहवाल इंग्रजीत लिहिताना त्याने एक वाक्य घातले, अशी कल्पना करावी. ते वाक्य असे : ‘आय हॅड वर्ड्स विथ द सरपंच.’ त्याच्या मनातील अर्थ होता, सरपंचांशी बोलणे झाले. इंग्रजी जाणणारा वाचक मात्र असे समजेल की, सरपंचांशी भांडण झाले. ‘टु हॅव अ वर्ड विथ’ म्हणजे एखाद्याशी थोडे बोलणे. ‘टु हॅव वर्ड्स विथ’ म्हणजे बाचाबाची होणे. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य शुद्ध आहे, स्पेलिंग बिनचूक आहे, क्रियापदही तेच आहे. एकवचनाचे अनेकवचन झाले आणि सलोख्याचा तंटा झाला. स्पेलिंगची चूक वाचणारा मनातल्या मनात सुधारून घेतो. ही चूक सुधारून घेण्यास त्याला वावच मिळत नाही. कारण वाक्याला पुरा अर्थ असतो, फक्त तो लिहिणाऱ्याचा नसतो.

महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी हा विषय पहिलीच्या वर्गापासून शिकविला जाऊ लागला. त्यामुळे या भाषेची अगदी पहिली ओळख करून देण्याचे काम, मूल अक्षरे गिरवीत असतानाच, खेड्यातील प्राथमिक शिक्षकाकडे आले. ते काम करताना हाताशी बहुधा एखादे मार्गदर्शक पुस्तक असते आणि त्याच्या शेवटी वाक्प्रचारांची यादी असते : डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार, उजवीकडे एकेक मराठी अर्थ. मुले ती यादी पाठ करतात. परीक्षेत गुणही मिळवितात. परंतु जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन वाक्प्रचारांत जो अर्थभेद असतो, तो अशा यादीत हटकून हरवतो. ज्या मुलाला घरी इंग्रजी ऐकावयास मिळत नाही, त्याला तो भेद दुसरीकडे कोठेही भेटणार नाही. शहरातील मुलाच्या कानावरून तो कधी ना कधी जाईल. खेड्यातील मुलाला तो शाळेत मिळाला तरच मिळणार.

येथे एक समजूत प्रथम दूर केली पाहिजे. इंग्रजी ही लहरी भाषा आहे, तिच्यात एवढ्यातेवढ्याने अर्थ फिरतो, असे शिक्षक मुलांना पुष्कळदा सांगतात. वस्तुतः मराठीतही नेमके हेच घडते आणि मराठी मूल ते शाळेत येण्यापूर्वीच शिकलेले असते. ‘दोन शब्द बोलणे’ हे सभ्यपणाचे, तर ‘चार शब्द सुनावणे’ हे रागाचे. ‘आजोबांचा डोळा लागला’ म्हटले की घरात आवाज करू नये हे पाच वर्षांच्या पोरालाही कळते, आणि ‘आजीचे डोळे वाटेकडे लागले’ म्हटले की कोणी तरी यावयाचे आहे हेही त्याला कळते. डोळा तोच, क्रियापद तेच. एकवचनात झोप आहे, अनेकवचनात प्रतीक्षा. मग ‘वर्ड’ आणि ‘वर्ड्स’ यांत त्याला नवल वाटण्याचे कारण काय? शिक्षकाने प्रथम डोळ्याचे उदाहरण फळ्यावर लिहावे, मुलांकडूनच दोन्ही अर्थ काढून घ्यावेत, आणि मगच इंग्रजी वाक्याकडे वळावे. मातृभाषेतील हे ज्ञान म्हणजे इंग्रजीच्या शिकवणीतील अडगळ नव्हे. खेड्यातील मुलाजवळ याहून मोठे भांडवल दुसरे नाही.

मराठी शिकणाऱ्या इंग्रजालाही हीच वाट उलट बाजूने चालावी लागली होती. कॅप्टन मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला आणि १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. त्या कोशात शब्दाचा नुसता अर्थ देऊन भागले नाही; शब्दाखाली त्याचे वाक्प्रचारही द्यावे लागले. हात, तोंड, डोळा असले साधे शब्द परक्याला किती अवघड जात असतील याची कल्पना तो कोश चाळताना येते.

मराठी विद्यार्थ्याची खरी अडचण एकवचन-अनेकवचनाची नाही. ती आहे ‘अ’ आणि ‘द’ या दोन उपपदांची. मराठीत अशी उपपदे नाहीत. त्यामुळे मराठी डोळा त्यांच्यावरून घसरत जातो. विद्यार्थ्याला ती पायातल्या खड्यासारखी वाटतात, काढून टाकली तरी चालतील अशी. बहुतेक वाक्यांत ती गाळल्याने अर्थ बिघडत नाही, हेही खरे. वाक्प्रचारात मात्र संपूर्ण अर्थ कधी कधी त्यांच्यावरच उभा असतो.

प्राथमिक शाळेतील अगदी रोजचे उदाहरण घ्यावे. ‘द बॉय गोज टु स्कूल’ म्हणजे मुलगा शाळेत जातो, शिकतो, त्याचे नाव पटावर आहे. ‘हिज फादर वेंट टु द स्कूल’ म्हणजे त्याचे वडील काही कामासाठी शाळेच्या जागी गेले. दाखला आणावयास गेले असतील किंवा गुरुजींना भेटावयास. ‘द’ नसेल तेथे संस्थेचा हेतू मनात असतो. ‘द’ असेल तेथे इमारत, जागा मनात असते. शाळेच्या बाबतीत चूक झाली तर फारसे बिघडत नाही. पण हाच नियम तुरुंगाला लावून पाहावा. ‘ही वेंट टु प्रिझन’ म्हणजे त्याला कैद झाली. ‘ही वेंट टु द प्रिझन’ म्हणजे तो तुरुंगाकडे गेला, कदाचित कोणाला भेटण्यासाठी, कदाचित पहाऱ्याच्या कामासाठी. एवढेसे उपपद गाळून एखाद्या भल्या माणसास कैदेत टाकता येते.

याहून महत्त्वाची जोडी म्हणजे ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’. चार्ज हा शब्द शिक्षकांस परका नाही. मुख्याध्यापक रजेवर गेले की चार्ज कोणाकडे, बदली झाली की चार्ज दिला-घेतला, ही शाळेतील रोजची भाषा आहे. आता ही दोन वाक्ये पाहावीत : ‘द टीचर इज इन चार्ज ऑफ द चिल्ड्रन’ आणि ‘द चिल्ड्रन आर इन द चार्ज ऑफ द टीचर’. पहिल्यात शिक्षक सांभाळणारा आहे; दुसऱ्यातही शिक्षकच सांभाळणारा आहे, कारण मुले त्याच्या ताब्यात आहेत असे तेथे म्हटले आहे. दुसऱ्या वाक्यातील ‘चार्ज’पूर्वीचा ‘द’ काढला की गाडी उलटी फिरते : मुलेच शिक्षकाची प्रभारी होतात. काही वर्गांच्या बाबतीत ते वस्तुस्थितीला धरूनही असेल, पण लिहिणाऱ्याचा तसा हेतू नसतो. ताबा कोणाचा आणि ताब्यात कोण, हा सारा प्रश्न त्या एका उपपदाने सोडविलेला आहे. मराठीत हे काम विभक्तिप्रत्यय करतो. ‘शिक्षकाच्या ताब्यात मुले’ आणि ‘मुलांच्या ताब्यात शिक्षक’ यांची गल्लत मराठी मूल कधीही करीत नाही. मराठीत जे काम शब्दाच्या शेपटाला जोडलेला प्रत्यय करतो, ते इंग्रजीत शब्दापुढे उभे असलेले लहानसे अक्षर करते, एवढे सांगितले की मुलांची नजर योग्य ठिकाणी जाते.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांतील भेद बहुतेक पुस्तकांत दिलेला असतो, पण तो आकड्यांचा भेद म्हणून शिकविला जातो. तो आकड्यांचा नाही. पालकसभेला बारा पालक आले असतील, तर ‘अ फ्यू पेरेंट्स केम’ म्हणणारा समाधानाने सांगतो की काही पालक तरी आले. ‘फ्यू पेरेंट्स केम’ म्हणणारा तक्रार करतो की फारसे कोणी आलेच नाही. माणसे दोन्ही वाक्यांत बाराच. ‘क्वाइट अ फ्यू’ म्हटले तर अर्थ होतो ‘बरेच’. येथे शब्दशः भाषांतर करणारा हमखास फसतो.

उपपदांच्याच ओघात एका जुन्या जोडीचा उल्लेख केला पाहिजे. ‘आउट ऑफ क्वेश्चन’ म्हणजे निःसंशय आणि ‘आउट ऑफ द क्वेश्चन’ म्हणजे अशक्य, विचारातही घेण्याजोगे नाही, असा भेद मार्गदर्शक पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेला आहे. यांपैकी दुसरा वाक्प्रचार पूर्ण जिवंत आहे. पहिला आजच्या इंग्रजीत जवळजवळ मोडीत निघाला असून त्याऐवजी ‘बियाँड क्वेश्चन’ म्हणतात. मुलांना मेलेला वाक्प्रचार शिकवून त्याच्या जिवंत भावाशी त्याची गल्लत करण्याची संधी देणे शहाणपणाचे नाही. पुस्तकात आहे म्हणून शिकवावे, हा नियम येथे सोडावा.

उपपदांची ही अडचण मराठी भाषिकांचीच आहे असे नव्हे. जपानी भाषेतही उपपदे नाहीत. जपानात इंग्रजी शिकविणारे ए. एस्. हॉर्नबी यांनी दोन सहकाऱ्यांच्या साहाय्याने परभाषी विद्यार्थ्यांसाठी जो इंग्रजी कोश तयार केला, तो १९४२ साली टोकियोत प्रसिद्ध झाला व पुढे १९४८ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने तो काढला. पुढील आवृत्त्यांमधून तो जगभर पसरला. कोणते नाम मोजता येते व कोणते येत नाही, कोणत्या क्रियापदामागून वाक्याची कशी रचना येते, हे त्या कोशात खुणांनी दाखविले होते. इंग्रज मुलाला अशा खुणांची गरज नसते. ती गरज कोणाला असते हे ओळखणारा माणूस वर्गात उभा राहून शिकविणारा शिक्षक होता, ही गोष्ट प्राथमिक शिक्षकांना सांगण्याजोगी आहे.

उपपदांनंतर अडवितात ती शब्दयोगी अव्यये. ‘ऑन टाइम’ आणि ‘इन टाइम’ या दोहोंना मराठीत सर्रास ‘वेळेवर’ म्हणतात. एस.टी.ची गाडी आठला सुटावयाची आणि आठलाच सुटली, तर ती ‘ऑन टाइम’ सुटली. गुरुजी आठला दहा मिनिटे असताना थांब्यावर आले आणि त्यांना गाडी मिळाली, तर ते ‘इन टाइम’ पोचले. पहिल्यात घड्याळाशी जुळणे आहे. दुसऱ्यात वेळ टळण्यापूर्वी गाठणे आहे. वैद्य ‘इन टाइम’ आला म्हणून रोगी वाचतो. तेथे ‘ऑन टाइम’ म्हणून चालणार नाही, कारण रोग्याचा जीव वेळापत्रकाने जात नसतो.

शरीराच्या अवयवांवरील वाक्प्रचार हा या विषयातील सर्वांत समृद्ध भाग. हृदयवाचक ‘हार्ट’ या एका शब्दाचीच गंमत पाहावी. ‘टु लूज हार्ट’ म्हणजे धीर खचणे. ‘टु लूज वन्स हार्ट टु’ म्हणजे एखाद्यावर मन जडणे. दुबार पेरणी करावी लागली तरी शेतकऱ्याने धीर सोडला नाही, असे लिहावयाचे असता विद्यार्थ्याने मध्ये ‘हिज’ घातला आणि पुढे कोणाचे नाव आले, तर शेतीची कथा भलत्याच वळणावर जाईल. ‘टु टेक हार्ट’ म्हणजे धीर येणे, उभारी धरणे; ‘टु टेक टु हार्ट’ म्हणजे एखादी गोष्ट मनाशी घेणे.

या शेवटच्या वाक्प्रचारापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. मराठीत ‘मनावर घेणे’ वेगळे आणि ‘मनाला लावून घेणे’ वेगळे. मुलाने अभ्यास मनावर घेतला तर आईला आनंद होतो. त्याने गुरुजींचे बोलणे मनाला लावून घेतले तर तिला काळजी वाटते. इंग्रजीत ‘टु टेक टु हार्ट’ हा एकच वाक्प्रचार दोन्ही ठिकाणी चालतो : उपदेशाबद्दल बोलणे असेल तर तो मनावर घेतला, टीकेबद्दल असेल तर ती मनाला लागली. मराठी येथे इंग्रजीपेक्षा अधिक बारीक विणीची आहे. मुलांना हे अवश्य दाखवावे. एरवी परकी भाषाच सूक्ष्म आणि घरची भाषा ओबडधोबड, अशी न बोललेली समजूत त्यांच्या मनात घर करते, आणि ती समजूत मुलाला इंग्रजीत पुढे नेत नाही, मराठीत मात्र मागे ओढते.

उलट प्रकार कान आणि डोळ्यांच्या बाबतीत दिसतो. मराठीतील ‘कानाडोळा करणे’ हा वाक्प्रचार ऐकून न ऐकल्यासारखे आणि पाहून न पाहिल्यासारखे करणे या दोहोंना पुरतो. इंग्रजीने ही दोन कामे दोन इंद्रियांना वाटून दिली आहेत. ‘टु टर्न अ डेफ इअर’ म्हणजे एखाद्याची विनंती किंवा तक्रार जाणूनबुजून न ऐकणे; ‘टु टर्न अ ब्लाइंड आय’ म्हणजे समोर घडणारी गैर गोष्ट दिसत असूनही न दिसल्याचे सोंग करणे. गावकरी पाण्याच्या टाकीसाठी अर्ज करीत राहिले आणि कोणी दाद दिली नाही, तर तेथे ‘डेफ इअर’ शोभेल. परीक्षेत मुले एकमेकांचे पाहून लिहीत आहेत आणि देखरेख करणारा खिडकीबाहेर पाहत उभा आहे, तर तेथे ‘ब्लाइंड आय’. या दुसऱ्या वाक्प्रचाराशी ब्रिटिश आरमाराचा सेनानी नेल्सन याची गोष्ट जोडली जाते. १८०१ सालच्या कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठाने लढाई थांबविण्याची खूण निशाणांनी केली, तेव्हा नेल्सनने दुर्बीण आपल्या अधू डोळ्याला लावली व आपल्याला खूण दिसत नाही असे म्हटले, अशी ती गोष्ट आहे. वर्गात ती एकदा सांगितली की ‘ब्लाइंड आय’ मुलांच्या ध्यानात कायमचा राहतो.

‘इन अॅट वन इअर अँड आउट अॅट दि अदर’ हा मात्र ‘डेफ इअर’चा सोबती मानू नये. त्यात या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देणे आहे. हेतू वाईट नसतो, चित्त थाऱ्यावर नसते. वर्गातील मागच्या बाकावरील मूल बहुधा या प्रकारात मोडते, आणि त्याच्यावर ‘डेफ इअर’चा आरोप करणे अन्यायाचे होईल. ‘टु बी ऑल इअर्स’ म्हणजे जिवाचा कान करून ऐकणे; येथे मराठी व इंग्रजी कल्पना एकमेकींच्या अगदी शेजारी येऊन बसल्या आहेत.

हाताचे वाक्प्रचार तर मुलांकडून अभिनय करवून घेण्याजोगे आहेत. ‘हँड इन हँड’ म्हणजे हातात हात घालून. ‘हँड टु हँड’ हे लढाईचे, म्हणजे हातघाईचे. ‘फ्रॉम हँड टु माउथ’ जगणे म्हणजे हातावर पोट असणे. आणि ‘हँड इन ग्लव्ह’ हे जवळच्या संगनमताचे, बहुधा वाईट कामातील. ‘आउट ऑफ हँड’ मात्र फसवा आहे. परिस्थिती ‘आउट ऑफ हँड’ गेली तर ती मराठीप्रमाणेच हाताबाहेर गेली. पण अर्ज ‘आउट ऑफ हँड’ नाकारला म्हणजे तो विचारही न करता, तिथल्या तिथे फेटाळला.

‘बट’ या शब्दाने संपणारी एक त्रयी शिक्षकांना अहवाल वाचताना व लिहिताना नेहमी भेटते. ‘नथिंग बट’ म्हणजे केवळ, निव्वळ. ‘एनिथिंग बट’ म्हणजे मुळीच नाही. ‘ऑल बट’ म्हणजे जवळजवळ. ‘ही इज नथिंग बट अ फूल’ म्हणजे तो निव्वळ मूर्ख आहे. ‘ही इज एनिथिंग बट अ फूल’ म्हणजे तो दुसरे काहीही असेल, मूर्ख मात्र नाही. वर्गखोलीचे बांधकाम ‘ऑल बट फिनिश्ड’ असेल तर थोडेच उरले आहे. ते ‘एनिथिंग बट फिनिश्ड’ असेल तर त्याच्या पुरे होण्याची गोष्टच काढू नये. या त्रयीत ‘बट’चा अर्थ ‘परंतु’ असा घेणारा कोठेच पोचत नाही. येथे तो ‘वाचून, खेरीज’ या अर्थाचा आहे, हे सांगितले की तिन्ही वाक्प्रचार आपोआप उलगडतात.

आता वर्गात हे कसे न्यावे. पहिली ते चौथीच्या मुलांना अर्थभेद समजावून सांगण्याच्या भरीस पडू नये. त्यांच्या कानांवर ‘गो टु स्कूल’, ‘इन टाइम’, ‘बाय हार्ट’ हे शब्दसमूह अखंड, न तोडता पडले म्हणजे पुरे. पाचवीपासून भेद दाखवावेत. तथापि जोडीतील दोन्ही वाक्प्रचार एकाच तासाला प्रथमच देण्याचा मोह टाळावा. दोन अनोळखी जुळी भावंडे एकाच वेळी दारात आली तर कोणाचे नाव काय, हे पाहुण्याच्या लक्षात राहत नाही. एकाची ओळख घट्ट होऊ द्यावी. पंधरवड्याने दुसरा आला की भेद मुलांच्याच तोंडून निघतो.

प्रश्नपत्रिकेत ‘वाक्यात उपयोग करा’ असे विचारले जाते. त्यावर ‘रामा लॉस्ट हार्ट’ एवढेच उत्तर आले तर मुलाला अर्थ कळला आहे की नाही, हे सांगता येत नाही. ‘लूज हार्ट’चा अर्थ पाय घसरणे असता तरी ते वाक्य तसेच राहिले असते. ‘विहिरीला पाणी लागले नाही, तरी रामाने धीर सोडला नाही’ अशा घाटाचे वाक्य मागावे. अर्थ मागच्या-पुढच्या शब्दांतून दिसला पाहिजे, ही अट मराठी वाक्प्रचारांनाही लावावी. सवय एका भाषेत लागली की दुसरीत टिकते.

उत्तरे तपासताना तारतम्य ठेवावे. ‘आय सॉ डॉग’ असे लिहिणाऱ्या पाचवीच्या मुलाचे वाक्य उपपदासाठी लाल शाईने रंगवू नये. त्याला कुत्रा दिसला, हे वाचणाऱ्याला कळले आहे. ‘द चिल्ड्रन आर इन चार्ज ऑफ द टीचर’ असे लिहिणाऱ्याचे वाक्य मात्र, त्याचे नाव न घेता, फळ्यावर घ्यावे आणि वर्गाला विचारावे, की आजपासून शाळेचा चार्ज कोणाकडे.